पाळी लावण्याची रीत: नगर जिल्ह्याचे पाटपाणी आणि संगणकाचे घड्याळ

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे 2024 पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याचा, सिंचनाचा इतिहास बहुधा धरणांच्या नावांनी सांगितला जातो. धरणाची उंची आणि साठा मोजता येतो, उद्घाटनाची तारीख कोनशिलेवर कोरलेली असते, त्यामुळे अभ्यासकाची नजर तेथेच स्थिरावते. परंतु धरणातले पाणी वाफ्यात उतरण्यापूर्वी आणखी एक काम व्हावे लागते आणि त्याची कोनशिला कोठेही नाही: कोणाच्या शेताला, कोणत्या चारीतून, कोणत्या वेळी आणि किती वेळ पाणी द्यायचे हे ठरवून ठेवणे, म्हणजेच पाळी लावणे. प्रवाह एक आणि हक्कदार अनेक असले की वाटणी काळाच्या मापाने करावी लागते. अशा वाटणीत घड्याळ चुकल्यामुळे जितके घोटाळे होतात, त्यापेक्षा कितीतरी अधिक घोटाळे पाळी अर्धवट लावल्यामुळे होतात, असे या जिल्ह्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवावरून दिसते. संगणकाच्या अंतर्भागात काम करणाऱ्यांनाही गेल्या तीन दशकांत, पाटपाण्याची काहीही माहिती नसताना, नेमका हाच अनुभव आला आहे.

पाट येण्यापूर्वी जिल्ह्याची बागायत मुख्यतः विहिरींवर होती. सह्याद्रीच्या कड्यालगतचा अकोले तालुक्याचा पश्चिम भाग वगळला तर जवळजवळ सगळा जिल्हा पर्जन्यछायेत येतो, आणि खडकात विहीर खोदण्याचा खर्च एका कुटुंबाला क्वचितच झेपत असल्यामुळे, शिवाय पिढ्यागणिक जमिनीच्या वाटण्या होत गेल्यामुळे, विहीर भावकीत सामायिक राहत असे. तिच्यातला हिस्सा आण्यांत सांगितला जाई. सगळी विहीर सोळा आणे धरली, तर चार आण्यांच्या हिस्सेदाराला आठ दिवसांच्या फेऱ्यात दोन दिवस मोट चालवता येई, आणि दोन आण्यांच्या हिस्सेदाराला एकच दिवस. दिवसाचे भाग प्रहरांनी, म्हणजे तीन-तीन तासांच्या टप्प्यांनी, आणि बहुतेकदा सावलीकडे पाहूनच मोजले जात. छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडून ती बुडायला लागणारी 24 मिनिटे, म्हणजे एक घटका, मोजण्याची रीत लग्नमुहूर्तासाठी सर्वांना ठाऊक होती, पण मोटेच्या पाळीला इतक्या सूक्ष्म मापाची गरज क्वचितच पडे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हक्कदार कोण, त्याची पाळी केव्हा आणि ती किती वेळाची, या तिन्ही गोष्टी त्या एका आणेवारीतच सामावलेल्या होत्या, आणि जमीन विकली गेली तर हिस्सा पाळीसह खरेदीदाराकडे जाई. दर फेऱ्याला नव्याने काहीच लिहावे लागत नसे. चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी खाली गेले की भांडणे होतच, परंतु ती पाण्याच्या कमतरतेची भांडणे असत. पाळी कोणाची, यावरून फारसा वाद होत नसे.

सरकारी पाटांनी ही व्यवस्था मुळापासून बदलली. 1879 च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाने कालव्याचे पाणी सरकारच्या ताब्यातील वस्तू ठरले आणि शेतकरी त्या पाण्याचा अर्जदार झाला. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी दख्खनची जी दैना केली, तिच्यानंतर सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली 1901 ते 1903 या काळात काम केलेल्या आयोगाने दुष्काळनिवारक सिंचनाचा पुरस्कार केला, आणि मोठ्या साठ्यांच्या योजना मार्गी लागल्या. गोदावरीवरील नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेले दोन कालवे कोपरगाव-राहाता भागात पोहोचले. प्रवरेवर 1910 मध्ये सुरू झालेले भंडारदऱ्याचे काम 1926 मध्ये पूर्ण झाले, आणि सुमारे 82 मीटर उंचीच्या त्या धरणाला उद्घाटन करणारे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले. भंडारदऱ्यातून सोडलेले पाणी नदीपात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत वळवले जाते, ही रचना आजही तशीच आहे.

या नव्या रचनेत एक पाळी लावण्यासाठी चार-पाच हातांचे काम लागू लागले. शेतकऱ्याने हंगामाच्या आरंभी गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र नोंदवून अर्ज करायचा. कार्यालयाने साठा आणि थकबाकी पाहून तो मंजूर करायचा आणि मंजुरीचा पास द्यायचा. कालवा निरीक्षकाने आवर्तनाचा, म्हणजे कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडण्याच्या फेरीचा, कार्यक्रम आखायचा, आणि शेवटी पाटकऱ्याने, म्हणजे चारीवर नेमलेल्या खालच्या नोकराने, प्रत्यक्ष दार उघडायचे. यांतील कोणतीही एक पायरी राहिली तरी पाळी लागलेली दिसे, पण ती पुरी नसे. पास हाती असलेल्या शेतकऱ्याचे नाव कार्यक्रमात नाही, कार्यक्रमात नाव आहे पण क्षेत्र जुने आहे, क्षेत्र बरोबर आहे पण दाराचा क्रमांक चुकला आहे, अशा तक्रारी ज्या तपशिलांतून निघतात ते सगळे तपशील वेगवेगळ्या कागदांवर आणि वेगवेगळ्या वेळी भरले जात होते, हे या पद्धतीच्या घडणीतच होते. दोष कोणा एका पाटकऱ्याच्या माथी मारणे सोपे असले, तरी अन्यायाचे आहे.

गुंतागुंत कमी करण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावाशी जोडलेला आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी नीरा कालव्यासाठी गटपद्धत, म्हणजे बोलभाषेतली ब्लॉक पद्धत, सुचवली. कालव्याखालील सलग क्षेत्राचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला हंगामी अर्जांऐवजी अनेक वर्षांच्या करारावर पाणी मंजूर करायचे आणि गटाच्या साधारण एकतृतीयांश भागातच ऊस घेऊन उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके फिरवत ठेवायची, असे तिचे स्वरूप होते. पाणी अधिक गावांत पसरावे आणि उसाखालच्या जमिनी पाणथळ होऊ नयेत, हे तिचे घोषित हेतू होते, आणि इतिहासग्रंथांत त्यांचीच चर्चा आढळते. तिचा दुसरा परिणाम मात्र कारकुनी कामावर झाला, आणि तो कमी महत्त्वाचा नव्हता: एकदा लावलेली पाळी कराराच्या मुदतीपर्यंत आपोआप फिरत राहू लागली, त्यामुळे नव्याने मांडणी करण्याचे प्रसंगच घटले आणि त्यांबरोबर चुकांची संधीही घटली.

प्रवरा आणि गोदावरी कालव्यांवर ऊस वाढला तो या निश्चितीच्या आधारावर. बारा-अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक पुढच्या पाळीची हमी नसेल तर कोणी लावत नाही, कारखाना काढणे तर दूरच. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950 च्या सुमाराचे. दोन्हींच्या मागे पाळीची ही हमी उभी होती. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. करारात ज्याचे नाव आले तो बागायतदार झाला आणि ज्याचे राहिले तो त्याच कालव्याच्या कडेला कोरडवाहू राहिला. एकदा मांडणी करून मोकळे होण्याची सोय, मांडणीत नसलेल्याला महाग पडते.

गटांबाहेरच्या हंगामी क्षेत्रासाठी शेजपाळी चालली आणि पुढे महाराष्ट्रभर तीच प्रमुख पद्धत ठरली. शेजपाळीत मंजूर अर्जदारांना शेजाराच्या क्रमाने, एकामागून एक, आणि बहुधा चारीच्या टेलकडून म्हणजे शेवटच्या टोकाकडून माथ्याकडे, पाणी दिले जाते. माथ्याच्या शेतकऱ्याला पाणी अडवणे सोपे असते, म्हणून आधी टेलचे भरणे उरकून मग वर यायचे, हे तिच्यामागचे शहाणपण. क्रम ठरलेला, क्षेत्र ठरलेले, पीक ठरलेले. परंतु जुन्या शेजपाळीत वेळ ठरलेली नव्हती. शेत भरेपर्यंत पाणी चालू राहायचे, मग पुढच्याला. साधारण एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, प्रवाह असलेल्या दारावर शेजारचा शेतकरी केव्हा आटोपेल हे कोणालाच सांगता येत नसे, आणि मग पुढच्या हक्कदाराला थंडीच्या रात्री खोरे घेऊन बांधावर बसून राहावे लागे. दारे धरणाऱ्या माणसाची रात्र ही सिंचनाच्या कोणत्याही हिशेबात धरली गेलेली नाही. क्रम आणि क्षेत्र यांबरोबर प्रत्येकाची तारीख, सुरुवातीची वेळ आणि समाप्तीची वेळ पासावरच लिहून देणारी काटेकोर शेजपाळी, तसेच क्षेत्राच्या प्रमाणात वेळ आणि ठरलेला वार देणारी वारबंदी, या सुधारणा 1970 नंतरच्या लाभक्षेत्र विकासाच्या काळात पुढे आल्या. त्यांचे सार इतकेच होते की, पाळी देताना तिचे सगळे घटक एकाच कागदावर आणि एकाच वेळी भरले जावेत, आणि त्यांपैकी एखादा रिकामा असेल तर ती पाळी दिली असे मानूच नये.

येथे संगणकाकडे वळणे उपयोगाचे ठरेल, कारण तेथे हाच प्रवास कमी वर्षांत झाला आणि त्याची प्रत्येक पायरी लिखित स्वरूपात टिकून आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. छपाईयंत्र, जाळ्याचे कार्ड, तबकडी अशा प्रत्येक उपकरणाशी बोलणारा कर्नलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हरला वारंवार काही काळाने करायची कामे नेमून ठेवावी लागतात: उत्तर आले नाही तर दोन सेकंदांनी पुन्हा विचार, मोटर सुरू केलीस तर तिला गती येईपर्यंत थांब. अशा नेमणुकीला टायमर म्हणतात. घड्याळ सगळ्यांत मिळून एकच असते, ते ठरावीक अंतराने टोला देते, आणि प्रत्येक टोल्याला कर्नल कोणाची वेळ झाली ते पाहतो. लिनक्स या कर्नलच्या 1991 मधील आरंभीच्या आवृत्त्यांत हे टोले सेकंदाला 100 पडत. त्या वेळच्या टायमरची रचना विहिरीच्या आणेवारीइतकीच आटोपशीर होती: किती टोल्यांनंतर आणि कोणते काम, एवढे दोन तपशील एकाच आज्ञेत द्यायचे की झाले. सगळ्या मिळून 64 जागा होत्या, त्या भरल्या तर यंत्रणा थांबे, आणि मुख्य गिऱ्हाईक होता फ्लॉपी तबकडीचा ड्रायव्हर.

ड्रायव्हरांची संख्या वाढली तशी ही रचना अपुरी पडली, आणि तिच्या जागी जी आली ती मंजुरी-पास-कार्यक्रम या साखळीसारखी तुकड्यांची होती. आता ड्रायव्हरने टायमरची एक नोंद स्वतःच्या स्मृतीत राखायची, इनिट टायमर या आज्ञेने ती कोरी करून घ्यायची, मग मुदत, करायचे काम आणि त्या कामाला लागणारी माहिती असे तीन रकाने वेगवेगळ्या ओळींत हाताने भरायचे, आणि त्यानंतर ती नोंद यादीत घालायची. एका ड्रायव्हरात हे तीन रकाने लागोपाठ भरलेले, दुसऱ्यात त्यांच्यामध्ये पन्नास ओळींचे अंतर, तिसऱ्यात नोंद कोरी करण्याची पायरीच राहिलेली. असा टायमर लावलेला दिसतो, पण वेळ आल्यावर भलतेच काम करतो किंवा यंत्रणाच पाडतो, आणि चूक घडल्याची जागा व ती उघडकीस येण्याची जागा यांत बरेच अंतर असल्यामुळे ती सापडत नाही. 2005 च्या सुमारास सेटअप टायमर ही आज्ञा आली. तिने कोरे करणे, काम आणि माहिती या तीन पायऱ्या एका ओळीत आणल्या, परंतु जुनी रीत बंद केली नाही, त्यामुळे पुढची बारा वर्षे दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. सुधारणा ऐच्छिक ठेवली की ती अर्धीच होते, हे पाटबंधारे खात्यातील कोणालाही सांगावे लागणार नाही.

शेवटचा धक्का सुरक्षेच्या बाजूने बसला. टायमरच्या नोंदीत काम आणि माहिती हे दोन्ही रकाने जवळ जवळ असल्यामुळे, शेजारच्या स्मृतीत घुसखोरी करू शकणाऱ्या हल्लेखोराला एकाच फटक्यात दोन्ही बदलता येत, आणि मग वेळ झाल्यावर कर्नल स्वतःच त्याच्या पसंतीचे काम त्याच्या पसंतीच्या माहितीसह करत असे. केस कुक या सुरक्षातज्ज्ञ विकसकाच्या पुढाकाराने 2017 मध्ये टायमर सेटअप ही नवी आज्ञा आली. तिने माहितीचा रकानाच काढून टाकला. नोंद ड्रायव्हरच्या स्वतःच्या मोठ्या नोंदीत बसवलेली असतेच, तेव्हा टायमरच्या पत्त्यावरून त्या मोठ्या नोंदीचा पत्ता काढता येतो आणि माहिती वेगळी लिहून ठेवावी लागत नाही, असा तो युक्तिवाद होता. या वेळी जुनी रीत शिल्लक ठेवली गेली नाही. शेकडो ड्रायव्हरांतील ओळी बदलल्या गेल्या. काही बदल हाताने झाले, काही कॉक्सिनेल या साधनाच्या साहाय्याने, ज्यात विशिष्ट घाटाच्या ओळी शोधून त्यांच्या जागी दुसऱ्या घाटाच्या ओळी घालण्याचा नियम एकदाच लिहावा लागतो. जानेवारी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 4.15 या आवृत्तीपर्यंत जुन्या आज्ञा गेल्या.

पाळी लावणे सोपे झाले तरी लावलेली पाळी मोडणे सोपे होत नाही, आणि दोन्ही क्षेत्रांतला अवघड भाग खरे तर हाच आहे. भंडारदऱ्यातून आवर्तन सुटल्यावर पाणी ओझरला आणि तेथून टेलपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात वळवाचा पाऊस झाला तर शेतकरी पाणी नाकारतो. पण नाकारलेले पाणी कालव्यात असतेच, ते मागे नेता येत नाही आणि शेवटी ओढ्या-नाल्यांना मिळते. कर्नलमध्येही टायमर रद्द करण्याची आज्ञा देताना त्याचे काम दुसऱ्या प्रोसेसरवर नुकतेच सुरू झालेले असू शकते. म्हणून साधे रद्द करणे आणि चालू काम संपेपर्यंत थांबून रद्द करणे, अशा दोन वेगळ्या आज्ञा ठेवाव्या लागल्या. त्याही पुरेनात, कारण रद्द झालेले काम जाता जाता स्वतःलाच पुन्हा पाळीला लावू शके. एकदा मोडल्यावर पुन्हा लावताच येणार नाही अशी तिसरी आज्ञा 2023 च्या आरंभी आलेल्या 6.2 या आवृत्तीत दाखल झाली. साम्य मात्र येथेच थांबते. कर्नलमधले बहुतेक टायमर वेळ येण्यापूर्वीच रद्द होण्यासाठी जन्मतात, कारण उत्तर बहुधा वेळेत येते. नगरच्या चारीवर पाळी रद्द होणे हा क्वचित घडणारा आणि नुकसानीचा प्रसंग असतो. शिवाय संगणकाच्या घड्याळातून वाटेत गळती होत नाही.

पाळी कोणी लावावी, हा प्रश्न जिल्ह्यात नव्याने विचारला गेला तो मुळा प्रकल्पावर. 1980 च्या दशकाच्या अखेरीस नेवासा तालुक्यातील चांदा येथे, मुळा उजव्या कालव्याच्या सातव्या मायनरवर, शेतकऱ्यांची सहकारी पाणीवापर संस्था उभी राहिली. मायनर म्हणजे वितरिकेतून फुटणारी लहान शाखा. सरकारने या शाखेच्या तोंडाशी मोजून पाणी द्यायचे आणि आत कोणाची पाळी केव्हा, हे संस्थेने ठरवायचे, अशी ती विभागणी होती. पुढे 2005 च्या, शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्यासंबंधीच्या महाराष्ट्र अधिनियमाने तिला राज्यभर कायद्याचे रूप दिले. या विभागणीने खात्याचे काम हजारो अर्जदारांवरून काही शाखांवर आले. कर्नलच्या टायमरांनाही अशीच पायऱ्यांची रचना लागली होती. जॉर्ज व्हर्गीस आणि टोनी लॉक यांनी 1987 मध्ये मांडलेल्या चक्रांच्या कल्पनेत दूरच्या मुदतीचे टायमर मोठ्या, ढोबळ चक्रात राहतात, आणि लिनक्सच्या जुन्या रचनेत वेळ जवळ येईल तसे ते लहान, बारीक चक्रात उतरवले जात. कालव्याच्या बाबतीत मात्र ही उतरण कागदावर जितकी सुरळीत दिसते तितकी प्रत्यक्षात झालेली नाही, कारण शाखेच्या तोंडाशी मोजमापाचे साधन बसवणे आणि ते चालू ठेवणे, या दोन गोष्टींत महाराष्ट्रात नेहमीच अंतर राहिले आहे.

दरम्यान पाळीचा वाद चारीवरून खोऱ्यावर गेला. प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांचे पाणी शेवटी जायकवाडीत जाते, आणि वरच्या धरणांनी खाली किती पाणी सोडावे हा नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा झगडा 2012 च्या दुष्काळापासून तीव्र झाला. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये दिलेल्या आदेशाने या खोऱ्याचीही पाळी लागली: ऑक्टोबरच्या मध्याला सगळ्या धरणांतील साठा पाहायचा, जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या 65 टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरून किती सोडायचे ते कोष्टकावरून काढायचे, आणि मग दरवाजे उघडायचे. तारीख, अट आणि परिमाण हे तिन्ही तपशील या आदेशात एकत्र आहेत. भंडारदऱ्याच्या खाली उभ्या राहिलेल्या आणि ज्याच्या डाव्या कालव्यातून 2023 मध्ये प्रथम पाणी सुटले त्या निळवंडे धरणालाही आता आपल्या नव्या लाभक्षेत्रातील पाळ्या या वरच्या पाळीशी जुळवूनच लावाव्या लागतात.